तक्रारी मंगळवारी आणि शुक्रवारी

सोमवार, ५ जानेवारी १९८७. कुमासी, घाना.
नवी वही. जुन्या वहीत नुसती दुरुस्तीला आलेल्या रेडिओंची यादी आहे, त्यावरून माणूस काय लायकीचा होता ते कळत नाही. ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहीन.

सासूबाई शुक्रवारी गेल्या. दुफिए आई. देह इस्पितळाच्या थंड खोलीत आहे. माझ्या बायकोच्या, बिरागोच्या मामांनी, न्सिया मामांनी, आज तारीख धरली: शनिवार, २१ फेब्रुवारी. म्हणजे जवळजवळ सात आठवडे हातात. जावयाने कापड, चटई आणि जिनची बाटली आणायची हे रीतीचं आहे. मी उभा राहून सांगितलं की आवाजही माझा. तीनशे वॉटचा ॲम्प्लिफायर, स्वतः बांधलेला. मामा म्हणाले, अरे, भाड्याने मिळतो की, कशाला जिवाला त्रास. मी नुसता हसलो. पेशन्स इलेक्ट्रॉनिक्सच्या मालकाने सासूच्या अंत्यविधीला भाड्याचा आवाज आणायचा म्हणजे खाटकाने शेजाऱ्याकडे मटण मागायला जाण्यापैकी आहे.

मुद्दा कॅसेटचा आहे. दुफिए आई शोकगीतं म्हणणाऱ्या बायकांच्या पुढारी होत्या. स्वतःच्या आईसाठी रचलेलं गाणं त्यांनी गेल्या ईस्टरला बिरागोच्या हट्टाखातर एकदाच म्हटलं आणि कॅसेटवर भरू दिलं. अकरा मिनिटं. देह अंगणातून निघण्याआधी ते सगळ्यांना ऐकू यायला हवं. बिरागो म्हणाली, मास्टर, मला दुसरं काही नको. आवाज तेवढा आईचाच वाटू दे.

एवढंच ना.

संकल्प: सहाला उठणे. पाम वाईन फक्त रविवारी.

बुधवार, ७ जानेवारी. सकाळी ९ (उठायला उशीर झाला, हरमटान वाऱ्याची धूळ छातीत बसते).
आराखडा काढला. स्वतःसाठी एकदा स्वच्छ लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर अडायला नको.

ट्रान्झिस्टर मुळात खोटारडा. आत आलेलं मोठं करून देतो खरा, पण देताना वाकवतो. गरम झाला की हात सैल सोडतो. मी आठ लावणार, म्हणजे आठ तऱ्हा. यावर इलाज निगेटिव्ह फीडबॅक. बाहेर पडणाऱ्या आवाजातला बारीकसा वाटा दोन रेझिस्टरांतून मागे दाराशी आणायचा आणि आत येणाऱ्या मूळ आवाजातून वजा करायचा. जो फरक उरतो तेवढाच पुढे वाढवायचा. बाहेर आवाज फाजील फुगला की वजाबाकी वाढते आणि आतला रेटा कमी होतो. बाहेर डावीकडे वाकला की आतून उजवीकडे वाकवून सोडला जातो. यंत्र आपलंच बोलणं ऐकतं आणि आपली चूक आपणच मोडून काढतं. यात ताकद जाते, पण आवाज सरळ होतो. जितकं जास्त मागे आणाल तितका सरळ.

अट एकच. मागे आणलेलं वेळेवर पोचलं पाहिजे. ट्रान्झिस्टरांतून जायला वेळ लागतो. पापणी लवायला जेवढा लागतो त्याच्या लाखाव्या हिश्शाएवढा, पण लागतो. अगदी वरच्या सुरांत तेवढ्यात लाट उलटी फिरते. मग जे ओढून धरायला निघालं होतं ते पोचेपर्यंत ढकलणारं होऊन बसतं. मग यंत्र स्वतःशीच किंचाळायला लागतं, तेही इतक्या वर की माणसाच्या कानाला पत्ता नाही. बाहेर शांतता आणि आत वणवा. म्हणून जुने कारागीर अर्ध्या शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर बसवतात, शंभर पिकोफॅरॅडचा. तो वरच्या सुरांना आधीच दमवून ठेवतो, म्हणजे उशीर झाला तरी किंचाळायला जोर उरत नाही.

ही अट कच्च्या हातांसाठी. मला सव्वीस वर्षं झाली.

सोमवार, १२ जानेवारी.
ॲम्प्लिफायर बांधून तयार. पहिल्याच दमात बोलला. पण दिवस वाईट गेला तो माणसांमुळे.

शेजारच्या बाकावर इसाका बसतो. झोंगो वस्तीतला, रेडिओ दुरुस्तीत हात बरा, पण बोलण्याला लगाम नाही. सकाळपासून चार चुका काढल्या. मास्टर, ही तार लांब झाली. मास्टर, हा सांधा थंड राहिला. दुपारी केळी तळणाऱ्या पोकुआबाई आल्या, त्यांना माझ्या पाटीच्या रंगाबद्दल बोलायचं होतं. संध्याकाळी बिरागो, माझ्या खोकल्याबद्दल.

आपल्यात माणसाला तोंडावर चूक सांगायची रीत नाही. राजाशी कुणी थेट बोलतं का? मधे ओचामे असतो. बोलणाऱ्याने त्याला सांगायचं, त्याने शब्द घासूनपुसून राजापुढे ठेवायचे. म्हणूनच राज्यं टिकली. आणि माझं नशीब बघा, ट्वुमबाबा, एका गावच्या गादीचे तीस वर्षांचे ओचामे, बायको गेल्यापासून माझ्याच दुकानाच्या बाकड्यावर दिवस काढतात.

आजपासून नियम: कुणाला काही तक्रार असेल तर ती ट्वुमबाबांकडे द्यावी. ते मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता मला सांगतील. बाबा इतके खूश झाले की घरी जाऊन जुनी काठी घेऊन आले. बिरागो म्हणाली, घरात मीठ संपलं तर तेही शुक्रवारीच सांगायचं का? मी म्हणालो, मीठ तेवढं वगळून.

गुरुवार, १५ जानेवारी.
दुकानात कमालीची शांतता. कामाला हुरूप.

आवाज स्वच्छ आहे, पण वरचा सूर अंगावर यायला हवा तसा येत नाही. चोर सापडला. तोच तो शंभर पिकोफॅरॅडवाला, सगळ्यांना दमवणारा. उपटून काढला. लगेच धार आली. कपॅसिटर रिकाम्या काड्यापेटीत घालून ड्रॉवरमध्ये मागच्या बाजूला ठेवला. टाकला नाही, चांगली वस्तू टाकू नये. इसाकाने बघितलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी. चार वाजता.
पहिला खरा दरबार. बाबांनी काठी जमिनीवर टेकली, घसा साफ केला. म्हणाले, मास्टर, पोकुआ असं म्हणते की तिचा रेडिओसुद्धा स्वतःचं बोलणं विसरून तुमच्या यंत्राला साद घालायला लागतो.

मन भरून आलं. केळी तळणारी बाई, पण काय बोलली.

नंतर तिच्या गाडीवरून जाताना ऐकलं. माझा ॲम्प्लिफायर चालू असला की तिचा रेडिओ शीळ घालतो, बारीक, न थांबणारी. मरणाच्या बातम्या लागल्या होत्या, कोण कुठे वारलं, विधी कधी, आणि शिळेखाली एकही नाव कळत नव्हतं. पोकुआबाई माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या नाहीत, नियम पाळतात. रेडिओ जुना आहे.

शुक्रवार, २३ जानेवारी.
ॲम्प्लिफायर गरम राहतो. गाणं लावलेलं नसतानाही. आज अर्धा तास नुसता चालू ठेवला, स्पीकरातून चकार शब्द नाही, आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना बोट लावलं तर कातडी चिकटली. कारण उघड आहे. हरमटान. दिवसा ऊन, रात्री गारठा, लोखंडाला काही कळत नाही.

पोकुआबाई लांबून बघून पुटपुटल्या, यावर माझी केळी तळून निघतील, तेल माझं. हे तक्रारीत मोडतं की विनोदात हे ठरवायला बाबांनी मंगळवारपर्यंत वेळ मागितला.

मंगळवार, २७ जानेवारी.
इसाकाची तक्रार गेल्या बुधवारची होती, आज पोचली. बाबा म्हणाले, इसाका असं म्हणतो की मास्टरांचं लेकरू घर निजलं तरी निजत नाही. कष्टाने त्याचं अंग तापलेलं असतं. आणि जिथे दुसऱ्यांचा सूर पोचत नाही, तिथे ते गातं.

मी इसाकाला चुकीचं समजत होतो. त्याच्या बाकाजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, पोचलं बरं का. तो म्हणाला, मग काय करताय? मी म्हणालो, आणखी करतोय. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. भावनाप्रधान माणूस आहे.

मागे येणारा वाटा दुप्पट केला. एक रेझिस्टर बदलला, दोन मिनिटांचं काम. जितकं जास्त मागे आणाल तितका सरळ, हे मी स्वतःच लिहून ठेवलंय.

शुक्रवार, ३० जानेवारी.
काल एक ट्वीटर, वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, गेला. आज दुसरा. धूर नाही, ठिणगी नाही, नुसते मुके झाले, गाणं लावायच्या आधीच. बाजारात हल्ली काय विकतात देवाला ठाऊक.

बाहेर पडण्याच्या तारेपाशी एक दहा ओहमचा रेझिस्टर असतो. तो काळा पडला आणि त्याला घाणेरडा वास सुटला. खरं तर गाण्याच्या वेळी त्याला कामच नसतं, मग जळतो कशाने? मला आळशी माणसं आवडत नाहीत. काढून टाकला. वास थांबला.

संकल्प: पाम वाईन बंद. (आजची आधीच आणलेली होती.)

मंगळवार, ३ फेब्रुवारी.
बाबांनी तक्रार आणली नाही. म्हणाले, एक आहे, पण अजून खरखरीत आहे, शुक्रवारपर्यंत घासतो. काय जबाबदारीने काम करतात.

दुपारी इसाका वीज मोजायचा मीटर घेऊन आला. न बोलता स्पीकरच्या तारांना टोकं लावली. गाणं बंद, आवाजाचं बटण शून्यावर, आणि काटा नऊपर्यंत चढून थरथरत उभा. इसाका माझ्याकडे बघून भुवया उडवत राहिला. भुवयांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, ती माझी चूक. मी म्हणालो, तुझ्या मीटरचा काटा म्हातारा झाला. त्याने तोच मीटर बदलत्या विजेच्या खुणेवरून सरळ विजेच्या खुणेवर फिरवला आणि माझ्या टॉर्चच्या सेलांवर लावून दाखवला. तीन व्होल्ट, बरोब्बर. मी म्हणालो, सेलांचं वेगळं.

तो गेल्यावर मी मुद्दाम दिवे घालवून ॲम्प्लिफायरसमोर बसलो. काहीही ऐकू येत नव्हतं. पोकुआबाईंचा रेडिओ बंद होता. तरी मला आत कोणीतरी आहे असं वाटत राहिलं. धूळ छातीत बसली की असले भास होतात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.
आठवड्यात तीन फ्यूज उडाले. विधीच्या दिवशी असा पोरखेळ नको. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. आता उडणार नाही.

बाबांचं घासून झालेलं वाक्य: जे लेकरू उपाशीपोटीसुद्धा राबतं, त्याला पाहुण्यांचं ताट वाढायचं की नाही, हे शहाण्या बापाने ठरवावं. कुणाचं, ते सांगितलं नाही. मला वाटतं न्सिया मामांचं, पाहुण्यांच्या जेवणाबद्दल असणार. मासळी वाढवायला सांगितली.

मंगळवार, १० फेब्रुवारी.
बिरागोला दुकानात बोलावलं. कॅसेट लावली. अकरा दिवसांनी आईचं तोंडभरून कौतुक होणार आहे, त्याची रंगीत तालीम.

दुफिए आईंचा आवाज आला. पहिली ओळ संथ. दुसऱ्या ओळीला त्या आवाज उचलतात. तिथे बिरागो उभी राहिली. ओढणी तोंडाला लावली. मला वाटलं, रडते आहे. चार मिनिटांनी तिनेच हात पुढे करून कॅसेट थांबवली, काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता बाहेर बाबांच्या बाकड्यावर जाऊन बसली. खूप वेळ बोलत होती. बाबा मान हलवत होते.

पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाने ती अशी हललेली मी पाहिली नव्हती. मलाही भरून आलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.
आठवडाभर या दिवसाची वाट बघत होतो. बाबांनी आज धुतलेलं कापड नेसलं होतं. म्हणाले, मास्टर, तुमच्या बायकोचे शब्द असे: त्या आवाजात मला वाळू दिसते. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, सोन्याची वाळू.

आमच्या लोकांना सोन्याच्या वाळूपेक्षा मोठी उपमा नाही. आजे-पणजे तीच तराजूत घालून व्यवहार करायचे. मी उठून बाबांना जिन पाजली. स्वतःही घेतली, संकल्प सोमवारपासून.

ते पुढे म्हणाले, असा आवाज आईच्या तोंडून तिने जन्मात कधी ऐकला नव्हता.

मागे येणारा वाटा आणखी दुप्पट केला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी.
इसाकाने नियम मोडला. सगळ्यांदेखत. म्हणाला, मास्टर, माफी असू द्या, पण शनिवारी हे यंत्र नुसतं चालू ठेवू नका. हे गप्प असताना... मी हात वर केला. म्हणालो, शुक्रवारी. तो म्हणाला, शनिवारच्या गोष्टीला शुक्रवार फार जवळ आहे हो. मी म्हणालो, इसाका, रीत म्हणजे रीत. तो बाबांजवळ जाऊन बसला. एका वाक्याचा निरोप, पण बाबांनी तीनदा म्हणवून घेतला, प्रत्येक वेळी एक शब्द बदलून.

पोकुआबाईंनी गाडी चार दुकानं पलीकडे हलवली. धंद्याची अक्कल नाही, इथली जागा मोक्याची.

शुक्रवार, २० फेब्रुवारी.
चार वाजले, पाच वाजले, बाबा आले नाहीत. उद्याच्या विधीत घोषणा तेच करणार आहेत, कापड इस्त्रीला टाकायला गेले. निरोप पाठवला: एक तक्रार शिल्लक आहे, उद्या आणतो.

देह घरी आणला. उद्या सगळ्यांनी लाल आणि काळं नेसायचं. बिरागो आईच्या केसांना तेल लावत बसली होती. मी म्हणालो, उद्या बघ. ती म्हणाली, हो.

शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळी साडेपाच.
यंत्र बसवलं. मांडवाच्या चार कोपऱ्यांत चार पेट्या, मेलेल्या ट्वीटरांच्या जागी नवे. आतापासूनच चालू करून ठेवतो, म्हणजे अंगाला सवय होईल.

९.१०.
माणसं येताहेत. चारशे तरी होतील. आईच्या गाणाऱ्या बायका पुढच्या रांगेत. बाबांच्या घोषणा छान वाजल्या. थोडी खरखर आहे, बाबांचा घसा.

१०.४०.
पाद्रीबुवांची प्रार्थना चालू. सगळे माना खाली घालून. वीस मिनिटं झाली. पेट्या गप्प आहेत. यंत्र मी टेबलाखाली ठेवलंय, आणि बुटातून पावलाला ऊब लागते. टेबलावरचं मेण ओघळलं, मेणबत्ती न लावता. पाद्रीबुवा आता दुष्काळग्रस्तांसाठी प्रार्थना करताहेत. मांडवाच्या कडेला इसाका उभा आहे. मान खाली घातलेली नाही. माझ्याकडे नाही, टेबलाखाली बघतोय.

मलाही मान खाली घालायला हवी. लिहिणं बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
तांत्रिकदृष्ट्या सांगायचं तर ॲम्प्लिफायर सहा तास उत्तम चालला.

प्रार्थना संपली. बिरागोने स्वतः कॅसेट घातली. दुफिए आईंनी श्वास घेतला, तो चारही कोपऱ्यांतून ऐकू आला. पहिला शब्द आला. त्यात वाळू होती. सोन्याची नव्हे. मला ती पहिल्यांदा ऐकू आली, कारण मी बिरागोच्या तोंडाकडे बघत होतो. मग धप्प. चारही स्पीकरांचे कागद एकदम पुढे आले आणि तिथेच अडकले, जीभ बाहेर काढल्यासारखे. मग पेट्यांच्या काळ्या कापडातून धूर. तांब्याची तार शेवटपर्यंत टिकली. फ्यूज असता तर उडाला असता आणि गोष्ट तिथेच थांबली असती. भिंतीतला प्लग वितळला होता, तरी इसाकाने उघड्या हाताने तो उपसला. तळहाताची कातडी प्लगवर राहिली. तो ओरडला नाही. लहान मुलं तेवढी ओरडली.

बिरागोने यंत्राकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. धुरात हात घालून कॅसेट काढली आणि छातीशी धरली.

पोकुआबाई उठल्या. पायाशी ठेवलेली पिशवी उघडून आपला रेडिओ काढला, तोच, कॅसेट घालायची सोय असलेला, सेलांवर चालणारा. येताना का आणला होता त्यांनी? आईच्या उशाशी स्टुलावर ठेवला. बिरागोने कॅसेट घातली. आवाज इतका लहान की मागच्या माणसांनी खुर्च्या उचलून, पावलं न वाजवता, पुढे आणल्या. आई गायला लागल्या. दुसऱ्या ओळीला आवाज उचलला तो फाटला नाही. तिसऱ्या ओळीला पुढच्या बायकांनी खालच्या सुरात साथ धरली, आई जिवंत असताना धरायच्या तशी. अकरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही, मी धरून.

तेवढ्यात बाबा माझ्या कानाशी आले. म्हणाले, मास्टर, कालची शिल्लक तक्रार. इसाका असं म्हणतो की आपलं यंत्र इतकं राजस आहे की त्याने रिकाम्या दरबारात फार वेळ बसू नये.

रविवार, २२ फेब्रुवारी.
आभाराची प्रार्थना झाली. सगळे पांढऱ्यात. बिरागोला गाठून म्हणालो, काय वाटलं ते सांग, तोंडावर सांग. ती म्हणाली, सांगितलंय. ट्वुमबाबांकडे. मंगळवारी मिळेल.

ती सामान घेऊन आईच्या घरी राहिली. दफनापासूनच्या चाळीसाव्या दिवसापर्यंत असेल. बहुतेक.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. चार वाजता.
बाबा आले. काठी आणली नव्हती. पाणी मागितलं. म्हणाले, तीस वर्षं राजाचे शब्द घासले, हे दोन दिवस घासले, पण याला चकाकी येईना. म्हणून आहेत तसे आणलेत.

बिरागोचे शब्द: आईचा आवाज खरखरतोय, हे मी ऐकल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही तीन दिवसांनी खूश होऊन घरी आलात आणि मांडवात आवाज आणखी खरखरला. इसाकाचंही तसंच, पोकुआचंही तसंच. आम्ही जितकं ओढलं तितके तुम्ही पुढे पळालात. तुमच्या ड्रॉवरमध्ये काड्या शोधताना मला एक काड्यापेटी सापडली होती. आत काय आहे ते मला कळत नाही. पण नको असलेली वस्तू माणूस फेकतो. भीती वाटते ती लपवतो. मी आईसाठी एकच गोष्ट मागितली होती.

बाबा गेल्यावर ड्रॉवर उघडला.

गुरुवार, २६ फेब्रुवारी.
इसाकाने डाव्या हाताने आणि मी उजव्या हाताने, दोघांनी मिळून जळालेले आठ ट्रान्झिस्टर बदलले. फ्यूज, दहा ओहमवाला, मागचा रेझिस्टर, सगळं पहिल्या जागी. शेवटी काड्यापेटीतला. यंत्र चालू केलं. तासभर हात ठेवून बसलो. थंड. पलीकडे, चार दुकानं सोडून, पोकुआबाईंच्या रेडिओवर मरणाच्या बातम्या लागल्या होत्या, नाव न् नाव कळत होतं. इसाका म्हणाला, झालं. मग म्हणाला, लावायचं काय?

लावायला काही नव्हतं. कॅसेट तिकडे आहे.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी.
बाबांना म्हणालो, नियम रद्द. आणि बिरागोला सांगा, तिचं खरं होतं, पहिल्या दिवसापासून. माझी चूक झाली. यंत्र आता ठीक आहे, आणि तिने यावं. एवढंच, जसंच्या तसं, आजच्या आज.

त्यांनी काठी हातात घेतली, डोळे मिटून एकदा मनाशी म्हणून पाहिलं. म्हणाले, फार उघडंवाघडं आहे, मास्टर. असं बायकोपुढे नेता येत नाही. थोडं घासतो आणि मंगळवारी पोचवतो.

आईचं घर पायी वीस मिनिटांवर आहे. पण धूळ फार आहे आज, आणि छाती भरलीय. मंगळवार काही लांब नाही.